निडीच्या करवंदीचं बाळंतपण

कुणाच्याही वाढदिवसाला गेले की माझ्या हातून एक आगाऊपणा होतोच. केकवर जी लालभडक चेरी बसवलेली असते, तिच्याकडे बोट दाखवून मी सांगते, "ही चेरी नाही बरं का. हे करवंद आहे." मग कुणी विचारो न विचारो, पुढचंही सांगून टाकते. कच्चं करवंद घ्यायचं, बिया काढायच्या, त्याचा मूळ रंग घालवायचा, लाल रंग चढवायचा आणि साखरेच्या पाकात मुरवत ठेवायचं. बहुतेक बेकऱ्यांमधली चेरी ती हीच. ऐकून मुलं तोंडातली चेरी हातावर काढून बघतात, आणि त्यांच्या आया माझ्याकडे बघतात. आमच्या यांनी तर आता अटच घातली आहे. "बरोबर चल, पण चेरीचा विषय काढायचा नाही." मी कबूल करते आणि तिथे गेल्यावर विसरते.

त्याला माझा इलाज नाही. सगळी नोकरी मी करवंदात काढली आहे. रोह्याच्या पुढे आमचं एक लहानसं फळसंशोधन केंद्र होतं. मी रुजू झाले तेव्हा कामाची वाटणी आधीच होऊन गेली होती. कुणाकडे आंबा, कुणाकडे काजू, कुणाकडे कोकम. सर्वांत नवी मी आणि तिथली एकटी बाई. त्यामुळे जे उरलं होतं ते माझ्याकडे आलं. आंब्याच्या साहेबांकडे मे महिन्यात पाहुण्यांची रीघ लागायची. माझ्याकडे कुणी आलंच, तर ओरबाडलेले हात पुढे करून यावर काय लावू म्हणून विचारायला यायचं.

शेतकऱ्यांच्या मेळाव्यात तर माझी पार शोभा व्हायची. मी उठून "करवंदाची लागवड" असं म्हटलं की मागून खुसखुस सुरू. एकदा पेणच्या मेळाव्यात एक म्हातारबुवा उभेच राहिले. "बाई, गवताची लागवड पण सांगा. नाय म्हंजे, आमच्याकडं ते पन आपोआप येतं." सगळा मंडप हसला, आणि खरं सांगायचं तर मीही हसले.

पण आपोआप येतं ते कसं येतं, तीच तर खरी अडचण होती. हापूसचं कलम केलं की हापूस येतो. करवंदाची बी पेरली तर काय येईल ते ब्रह्मदेवाला ठाऊक. एकाच झुडपाच्या बियांपासून एक रोप गोड निघतं, दुसरं दात आंबवणारं, तिसऱ्याला फळ कमी आणि काटेच जास्त. मला हवी होती अशी एक करवंदी, जिचं फळ मोठं असेल, चीक कमी असेल, काटे आटोक्यात असतील आणि साल इतकी टिकाऊ असेल की टोपलीतून गेलेलं फळ संध्याकाळपर्यंत रडकुंडीला येणार नाही. अशी एक सापडली की तिच्या फांद्यांपासून हवी तेवढी रोपं करता येतात, आणि ती सगळी हुबेहूब आईवर जातात. म्हणजे माझं काम काय, तर डोंगरातल्या हजारो करवंदींमधून ही एक शोधायची.

शोधायची कशी, तर खाऊन! एप्रिल-मे आला की मी पेण आणि रोह्याच्या मधले डोंगर पालथे घालायची. झुडूप दिसलं की फळ तोडायचं, फोडायचं, आतला रंग बघायचा, चाखायचं, बिया थुंकायच्या, पुढे चालायचं. दुपारपर्यंत चिकाने ओठ असे चिकटायचे की समोरून कुणी नमस्कार केला तर मान हलवून भागवावं लागायचं. लहानपणी आपण सगळेच करवंद फोडून आत लाल निघालं तर कोंबडा आणि पांढरं निघालं तर कोंबडी, असं खेळलेलो असतो. एकदा आमच्या साहेबांनी मला झाडाखाली फळं फोडताना बघितलं आणि म्हणाले, "काय बाई, कोंबडा की कोंबडी?" म्हटलं, "हो साहेब. आणि त्याचाच पगार घेते."

अशी बरीच वर्षं गेली. बऱ्यापैकी म्हणाव्यात अशा करवंदी मिळाल्या, पण जिच्यापुढे हात टेकावेत अशी काही मिळेना. निवृत्ती डोळ्यांसमोर दिसायला लागली, तशी माझी मलाच काळजी वाटू लागली. आंब्याच्या साहेबांचं नाव त्यांच्या कलमांमुळे निघणार होतं. माझ्यामागे काय उरणार होतं, तर ओरखडे.

त्या दिवसांत कासमभाई आले. निडीचे जुने बागायतदार. उमेदीची वर्षं आखातात काढून परत आलेले. पांढराशुभ्र सदरा, अत्तराचा घमघमाट. त्यांनी खिशातून एक चकचकीत पाकीट काढून माझ्या टेबलावर ठेवलं.

"मॅडम, ही क्रॅनबेरी. पोरगा दुबईहून पाठवतो. आमच्या घरच्यांना हिचं याड लागलाय. निडीच्या डोंगरात लावायची हाय. तुमी फक्त कशी ती सांगा."

मी समजावलं. म्हटलं, ही थंड मुलखातली वेल. तिला आंबट, दलदलीची जमीन लागते, वर्षातले कित्येक महिने कडाक्याची थंडी लागते. तिकडे तिच्या मळ्यांवर बर्फसुद्धा साचतो.

कासमभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "बर्फ वडखळला मिळतो," ते म्हणाले. "मासेवाल्यांकडं. किती लागंल?"

थट्टा करतात की खरंच विचारतात ते त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच कळत नाही. मी उठले, कपाटातून आमच्याकडे पाकात मुरवून वाळवलेली करवंदं काढली आणि त्यांच्या पाकिटातल्या फळांशेजारी एका बशीत मांडली. म्हटलं, डोळे मिटून दोन्ही खा आणि सांगा. त्यांनी डोळे मिटले, एक खाल्लं, दुसरं खाल्लं, मग दुसरंच परत एकदा खाल्लं.

"ही चांगली हाय. ही कुठची?"

"तुमच्याच डोंगरातली. करवंद."

"कसम?"

"कसम."

"या अल्ला," ते म्हणाले, "आनि आमी ती शेळ्यांना चारतो."

त्याच आठवड्यात त्यांनी मला आपला डोंगर दाखवायला नेलं. निडी स्टेशनापासून वर चढत जाणारा तो उतार, गवत वाळून पिवळं पडलेलं, मधूनमधून करवंदीच्या जाळ्या. कासमभाई एका आंब्याखाली बसून राहिले आणि मी सवयीप्रमाणे खात सुटले. आंबट, आंबट, बरं, आंबट. आणि मग पार वरच्या टप्प्यावर, एका काळ्या सपाट दगडाशेजारी ती भेटली.

मोठी बोरं असावीत एवढाली फळं. तोडलं तर देठाशी चिकाचा एवढासा थेंब. फोडलं तर आत लालचुटुक कोंबडा. चव अशी, की मी त्या दगडावर बसून ओंजळभर खाल्ली आणि ओठ काही चिकटले नाहीत. काटे होते, पण आब राखण्यापुरते. मला एकदम रडूच आलं. एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर आलं की माणूस काही शहाण्यासारखं वागत नाही. मी त्या करवंदीला चक्क नमस्कार केला.

मग भानावर येऊन कामाला लागले. घेर नीट मोजता यावा म्हणून भोवतालचं वाळलेलं गवत कोयत्याने कापून साफ केलं. पावसात डोंगर हिरवा झाला की सगळ्या जाळ्या सारख्याच दिसतात, तेव्हा खूण हवी. पर्समध्ये हात घातला तर एक लाल सॅटिनची फीत निघाली. काही दिवसांपूर्वी आमच्या केंद्रात माती तपासण्याच्या खोलीचं उद्घाटन झालं होतं. पाहुणे फीत कापून जेवायला गेले आणि उरलेला तुकडा मी उचलून ठेवला होता, कारण आमच्याकडे उद्घाटनाला फीत मिळायची पण झाडाला बांधायला सुतळी मागितली तर मिळायची नाही. ती फीत मी करवंदीच्या मधल्या फांदीला छान गाठ मारून बांधली आणि खाली उतरले.

आता पुढचं काम पावसाळ्यातलं. त्याला गुटी बांधणं म्हणतात. जिवंत फांदीची बोटभर साल गोलाकार काढायची, त्या जागी ओलं शेवाळ गुंडाळायचं, वरून प्लास्टिक बांधायचं. फांदी झाडावरच राहते, आईच्या जिवावर जगते, आणि शेवाळात तिला स्वतःची मुळं फुटतात. फुटली की खालून कापून वेगळी लावायची. करवंदीची गुटी जरा नखरेल असते, चिकामुळे लवकर मुळं धरत नाही, पण चांगला पाऊस असला की जमतं.

आषाढ लागला तशी मी शेवाळ, प्लास्टिक, चाकू सगळं घेऊन निडीला गेले. वर चढते तो काय, करवंदीच्या फांद्यांना हिरव्या बांगड्या! माझ्या फितीखाली खणाचा तुकडा. मी ज्या दगडावर बसून बिया थुंकल्या होत्या, त्याला शेंदूर फासलेला आणि पुढे नारळाची शकलं. शेजारी इरलं पांघरून भागीआजी बसली होती.

भागीआजीला मी तोंडओळखीने ओळखत होते. निडीच्याच डोंगरपायथ्याची. उन्हाळ्यात वडखळच्या नाक्यावर पळसाच्या पानांत करवंदं घेऊन बसायची आणि गाडीवाल्यांना भावात हटकून हरवायची.

"आजी, हे काय?"

"करवंदाय देवी," ती म्हणाली. "यंदा परगटलीन."

झालं होतं असं, की मी फीत बांधून गेल्यावर चार दिवसांत डोंगराला वणवा लागला. सगळं गवत जळालं, खालच्या जाळ्या करपल्या, पण आग या करवंदीपाशी आली आणि थांबली. गावकरी वर चढून बघतात तर भोवती सगळं काळं, मध्ये ही हिरवीगार, आणि अंगावर लाल वस्त्र. कुणीही हात जोडले असते.

मी आजीला सगळं सांगितलं. म्हटलं, आजी, गवत मी कापलं होतं, म्हणून आग थांबली. फीत मी बांधली. सरकारी आहे ती, उद्घाटनाची.

आजीने माझ्याकडे असं बघितलं, जसं लहान पोराच्या बढाईकडे बघावं. "तू कुठली बांधतेस गो बाय. तिनं बांधून घेतलीन तुझ्या हातून. एवढ्या जाळ्या सोडून तुला हितंच कशी अक्कल सुचली?"

मी तो विषय सोडून पिशवीतला चाकू काढायला वाकले.

चाकू काढला मात्र, आजी उठून आडवी आली. देवीला लोखंड लागता कामा नये. मी खाली कासमभाईंकडे गेले, म्हटलं जमीन तुमची आहे, तुम्ही तरी सांगा. ते कपाळावर हात मारून हसले. "आमच्या जमिनीत देवी निघाली आनि मना कोन सांगत पन नाय. पन मॅडम, भागीकाकीच्या मधी मी पडनार नाय. माझी तिन्ही पोरं तिच्या हातावर झालीत." मग त्यांचा चेहरा उतरला. "आनि एक सांगायचं हाय. वरचा टप्पा भावांच्या वाटनीचा. त्यांनी तो मुरमाला दिलाय. हायवेच्या भरावाला. दिवाळी झाली की मशीन लागनार."

म्हणजे तो एक पावसाळा होता, बस. त्यात गुट्या झाल्या तर झाल्या. नाहीतर माझी सबंध नोकरी जिच्या शोधात गेली, ती करवंदी ट्रकमध्ये भरून रस्त्याखाली जाणार होती. उपटून दुसरीकडे लावावी तर एवढी जुनी करवंदी, मुळं खडकात शिरलेली, ती जगली नसती.

मी परत वर गेले आणि आजीला मशीनचं सांगितलं. तिने शेंदराच्या दगडाकडे बघितलं. मग म्हणाली, "कौल लावू."

कौल म्हणजे देवीलाच विचारायचं. आजीने शेंदराच्या दगडाला ओल्या तांदळाचे दाणे दोन्ही अंगांना चिकटवले आणि हात जोडून खड्या आवाजात विचारलं, "आय, ही बाय तुझ्या फांद्या कापाया मांगते. देतेस काय?" उजवीकडचा दाणा पडला तर हो, डावीकडचा पडला तर नाही. मी शास्त्राची पदवी घेतलेली बाई, पण त्या क्षणी उजवीकडच्या दाण्याकडे असे डोळे लावून बसले होते की पापणी लवेना. टपकन दाणा पडला. डावीकडचा.

घरी आले तर आमचे हे म्हणाले, "प्रश्नच चुकीचा विचारलात. कापू का म्हटल्यावर कोण हो म्हणेल? उद्या मला विचारून बघ." ते बोलले थट्टेने, पण माझ्या डोक्यात ते बसलं. चोरून चार फांद्या सोलणं मला जमलं असतं, पाऊस असला की वर कुणी फिरकत नाही. पण गुटी म्हणजे सोलून पळून जाण्याचं काम नाही. महिना-दोन महिने तिला कुणीतरी राखावं लागतं, शेळ्यांपासून, माकडांपासून. ते राखणार आजीच. आणि मनातून मला तिला फसवायचंही नव्हतं.

दुसऱ्या खेपेला मी चाकू घरीच ठेवला आणि आजीच्या ओसरीवर जाऊन बसले. तिने कोरा चहा दिला. कासमभाईंच्या पोरांचा विषय काढला तशी ती खुलली. तिच्या काळात सगळ्या निडीची सुईण तीच. दवाखाना लांब, रस्ता धड नाही, पोरं घरातच व्हायची.

"आजी, मग नाळ कशाने कापायचात?"

"कशानं म्हंजे? बांबूच्या पातीनं. आगीवर धरून." ती म्हणाली. "लोखंड नाय लावीत आमी."

मी चहाचा कप खाली ठेवला. म्हटलं, आजी, आता मी काय सांगते ते नीट ऐक. मला तिच्या फांद्या तोडून न्यायच्या नाहीत. फांदी तिच्या अंगावरच राहणार. तिला ओलं गुंडाळायचं, उबेत ठेवायचं. आईच पोसणार. आत मुळं फुटणार, वरून पोट आल्यासारखं दिसणार. आणि भरले दिवस की मग नाळ कापायची, तुझ्या पातीने.

आजीने माझ्याकडे टक लावून बघितलं. "अगो, मग आधी बोलायचं नाय? तू कापते कापते म्हनत होतीस. ह्ये तर बाळंतपन हाय!"

त्याच दुपारी भर पावसात परत कौल लागला. या वेळी आजीने विचारलं, "आय, लेकी देतेस काय?" दाणा पडला तो उजवा. आजी हसली आणि मला म्हणाली, "बघ. नीट विचारला की देते."

मग आम्ही दोघींनी मिळून ते काम केलं. बांबूच्या पातीने करवंदीची साल सोलणं म्हणजे काय ते करून बघावं. माझी बोटं सोलवटली. साल निघाली तसा पांढरा चीक झरझर वाहू लागला. करवंदीच्या गुटीतला हाच नको असलेला भाग, पण आजी एकदम गहिवरून म्हणाली, "बघ गो, दूध आलाय." मी चीक पुसून मुळं फुटायची पावडर लावत होते. तिने हळद आणली होती. वाद नको म्हणून काही फांद्यांना माझी पावडर लावली, काहींना तिची हळद. मग शेवाळ, प्लास्टिक, सुतळी. सगळ्या फांद्यांना फुगीर पोटं आली आणि आजीने प्रत्येकीवरून हात फिरवला.

तो पावसाळा आजीने वर डोंगरावरच काढला म्हणा ना. शेळ्या हाकलल्या, माकडांना शिव्या घातल्या, प्लास्टिक फाटलं तर खाली येऊन कासमभाईंच्या फोनवरून मला बोलावणं धाडलं. "तुझी मधली फांदी कन्हते हाय, ये." गावातल्या बायका येऊन डोहाळे पुरवल्यासारखा भाताचा घास दगडापुढे ठेवून जायच्या. केंद्रात नुकतेच आलेल्या नव्या साहेबांना मी अहवाल दिला, तेव्हा यातलं बरंच गाळून दिलं.

घट बसायच्या आधी आम्ही प्लास्टिकमधून बघितलं तर पांढरी मुळं वळवळत होती. माझ्या पावडरच्या बहुतेक सगळ्या लागल्या होत्या. हळदीच्या दोनच. आजी म्हणाली, "बघ, हळदीनं कशा लागल्या." मी मान डोलावली आणि पुन्हा मुळं मोजू लागले. तिने बांबूची पाती निखाऱ्यावर धरली आणि एकेक नाळ कापून दिली. मी एकेक रोप पिशवीत लावत गेले.

आजीने बारसंही केलं. सगळ्या लेकींना नावं ठेवली: शेवंती, यमुना, द्रौपदी आणि अशाच आणखी. मधलीचं नाव तिने माझ्यावरून ठेवलं, ते मी इथे सांगणार नाही. कासमभाईंनी सगळ्यांना दुबईचा खजूर वाटला.

दिवाळीनंतर मशीन आलं. मशीन चालवणारा परमुलखातला होता, पण बांगड्या घातलेलं झुडूप आणि शेंदराचा दगड बघून त्याने हात जोडले आणि बाजूने खणत गेला. वरचा टप्पा नाहीसा झाला. मध्ये तेवढा मुरमाचा एक खांब उरला आणि त्याच्या माथ्यावर फीत बांधलेली करवंदी. खालून जाणारे लोक थांबून फोटो काढायचे. पण उघड्या मुरमाचा खांब किती टिकणार? पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी तो खचला आणि करवंदी खाली आली. आजीने मला निरोप धाडला. मी गेले तेव्हा ती मातीत बसून बांगड्या गोळा करत होती. आम्ही दोघी रडलो. माझ्यामागे काय उरेल असं मी म्हणत होते, आणि माझ्याआधी तीच गेली होती.

मी फीत सोडवून आजीला दिली. म्हटलं, खाली कासमभाईंच्या वाडीत लेकी लावल्या आहेत, त्यातल्या थोरलीला बांधू.

"नाय," आजी म्हणाली. "पोरी आपल्या बळावर उभ्या रातील. ह्यी मी ठेवते."

पोरी उभ्या राहिल्या. कासमभाईंच्या आंब्याच्या वाडीला आज त्यांचंच कुंपण आहे. शेळीची आत यायची हिंमत नाही, आणि मे महिन्यात कुंपणच घरातल्यांना खाऊ घालतं. त्यांच्याकडून नागोठण्याकडच्या लोकांनी गुट्या नेल्या, पेणच्या लोणचं घालणाऱ्या बायकांनी परसात लावल्या. कुणी रोप मागायला आलं की आजी ओसरीवर बसून त्याची चौकशी करायची. घरात किती माणसं, शेळ्या किती, सासू कशी आहे. मी म्हणायचे, आजी, करवंदीला सासूशी काय करायचंय? ती म्हणायची, "लेक देतो आपन."

सरकारदरबारी मात्र या वाणाला मान्यता मिळाली नाही. समितीने मला विचारलं की करवंद लावणार कोण, ते तर आपोआप येतं. मला तेव्हा पेणचे ते म्हातारबुवा आठवले. वाणाला मी सुचवलेलं नाव कागदावरच राहिलं, याची रुखरुख मला आहे आणि ती राहील. लोक तिला फीतवाली म्हणतात. मी सुचवलेल्या नावापेक्षा ते बरं आहे, असं आमच्या यांचं मत.

माझ्या निवृत्तीचा समारंभ केंद्राच्या सभागृहात झाला. शाल, नारळ, भाषणं. माझं चेरीबद्दलचं भाषण ऐन रंगात आलेलं असताना मागचं दार उघडलं आणि भागीआजी आत आली. मागोमाग कासमभाई, त्यांनी तिला गाडीतून आणलं होतं. ती थेट मंचावर चढली.

"तुला काढलाय म्हनं?" तिने सगळ्यांदेखत विचारलं.

"काढलं नाही गं आजी. वय झालं."

"वय झाला म्हनून झाड तोडतत काय?" ती म्हणाली. मग तिने कमरेच्या चंचीतून विटलेली लाल सॅटिनची फीत काढली, माझा हात ओढला आणि मनगटाला गाठ मारली. "ह्यी जिला बांधलेली तिला आग लागली नाय, मशीन लागला नाय. पावसानं गेली, मानसानं नाय तोडली. आता तुला पन कोन तोडीत नाय."

माझं चेरीचं भाषण तिथेच राहिलं. शेवटी माझ्या शेजारी उभे असलेले नवे साहेब हळूच वाकून म्हणाले, "बाई, हे काय आहे?"

डोळे पुसत मी म्हटलं, "सरकारी सामान आहे साहेब. जमा करायचं राहिलंय. आणि मी ते करणार नाही."